ऑनलाइन दुकानातील पाकीट-भरणा : व्यवस्था आणि परिभाषा

१. विषयाची व्याप्ती

विद्यापीठांचे प्रकाशन विभाग, संशोधन मंडळे आणि लहान प्रकाशक यांना आपले ग्रंथ ऑनलाइन विकावयाचे झाल्यास पहिला प्रश्न उभा राहतो तो किंमत कशी स्वीकारावी हा. ग्राहक दूर असतो, त्याची ओळख नसते, आणि मालाची व पैशाची समोरासमोर अदलाबदल होण्याची सोय नसते. या अडचणीवर आज जे अनेक उपाय प्रचारात आहेत, त्यांपैकी ‘डिजिटल पाकीट’ हा एक होय. दुकानाच्या संगणकव्यवस्थेत या पाकिटाची जोडणी करणे हे काम आता विशेष अवघड राहिलेले नाही. तयार साधने मिळतात आणि थोडी तांत्रिक माहिती असलेला कार्यकर्ता ती बसवू शकतो. तथापि जोडणी बसविणे आणि ती समजून घेणे या भिन्न गोष्टी आहेत. न समजता बसविलेल्या जोडणीमुळे होणारे नुकसान लहान विक्रेत्यास अथवा दूरच्या ग्राहकास सोसावे लागते.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांनी या विषयाकडे का वळावे, असा प्रश्न येथे साहजिकच विचारला जाईल. त्याचे उत्तर असे की, पाकिटातून होणाऱ्या भरण्यात नाणे अथवा नोट हलत नाही. हलतात ती केवळ विधाने. एका संस्थेने दुसरीस कळविलेल्या काही वाक्यांच्या आधारावर दुकानदार आपला माल हातावेगळा करतो. म्हणून ‘पैसे पोचले’ हे वाक्य कोणी, कोणास आणि कोणत्या अधिकाराने उच्चारले असता ते खरे मानावे, हा या सर्व व्यवस्थेतील मध्यवर्ती प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात भारतातील प्रचलित व्यवस्थेच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन करावयाचे असून, त्या अनुषंगाने मराठी परिभाषेविषयी काही सूचनाही करावयाच्या आहेत.

२. ‘पाकीट’ या शब्दाचे तीन अर्थ

मराठीत ‘पाकीट’ हा शब्द मुळातच अनेकार्थी आहे. टपालाचे पाकीट, चहाचे पाकीट आणि खिशातले पैशाचे पाकीट हे तिन्ही प्रयोग नित्याचे आहेत. पैसे ठेवण्याच्या साधनासाठी बटवा, कसा, थैली असे जुने शब्दही आपल्याकडे आहेत. ‘खिसा’ हा शब्दसुद्धा मुळात थैलीवाचक अशा फारसी ‘कीसा’ या शब्दाशी जोडला जातो. या सर्व शब्दांमागे एकच कल्पना आहे : पैसे धन्याचे, आणि ते ज्यात ठेवले ती वस्तूही धन्याच्याच हाती. डिजिटल पाकिटास ही कल्पना जशीच्या तशी लागू पडत नाही. शिवाय व्यवहारात या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी वावरत असतात.

पहिला अर्थ साठवणीच्या पाकिटाचा. यात ग्राहक आगाऊ रक्कम भरतो, ती रक्कम पाकीट देणाऱ्या संस्थेकडे राहते, आणि ग्राहकाच्या नावे तेवढी शिल्लक दाखविली जाते. पैसे ग्राहकाजवळ नसतात. त्याच्याजवळ असते ते संस्थेवरील येणे. भारतीय रिझर्व्ह बँकेने यास ‘प्रीपेड पेमेंट इन्स्ट्रुमेंट’ असे नाव दिले असून, त्याचे नियमन ‘पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अ‍ॅक्ट, २००७’ या कायद्याखाली होते. बँकेच्या २०२१ च्या निर्देशांनी अशा पाकिटांचे दोन मुख्य प्रकार केले. अल्प माहितीवर मिळणाऱ्या पाकिटात कोणत्याही वेळी १०,००० रुपयांहून अधिक शिल्लक ठेवता येत नाही, आणि त्यातील रक्कम केवळ वस्तू व सेवा यांच्या खरेदीसाठीच वापरता येते. संपूर्ण ओळखपडताळणी, म्हणजे केवायसी, झालेल्या पाकिटात ही मर्यादा २,००,००० रुपये इतकी ठरविण्यात आली.

दुसरा अर्थ कार्डांच्या पाकिटाचा. अमेरिकेत २०१४ मध्ये सुरू झालेले ‘अ‍ॅपल पे’ हे याचे ठळक उदाहरण होय. यात पैसे साठविलेले नसतात. ग्राहकाच्या कार्डाच्या क्रमांकाऐवजी वापरावयाचे एक पर्यायी चिन्ह, ज्यास ‘टोकन’ म्हणतात, ते फोनमध्ये ठेवलेले असते. भरणा कार्डाच्याच मार्गाने होतो आणि त्यास कार्डाचेच नियम व दर लागू होतात.

तिसरा अर्थ यूपीआयच्या अ‍ॅपचा. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेने एप्रिल २०१६ मध्ये यूपीआयचा आरंभ केला. या व्यवस्थेत रक्कम ग्राहकाच्या बँकखात्यातच असते आणि भरण्याच्या क्षणी थेट तेथून निघते. ‘भीम’, ‘फोनपे’, ‘गूगल पे’ यांच्या द्वारे होणाऱ्या अशा भरण्यास लोक सर्रास पाकीट म्हणतात; परंतु काटेकोर अर्थाने ते पाकीट नव्हे, खात्यापर्यंत पोचण्याची ती एक वाट आहे. त्यातही गुंतागुंत अशी की, संपूर्ण केवायसी झालेली साठवणीची पाकिटे आता यूपीआयशी जोडलेली असतात. त्यामुळे पडद्यावरील एकच चौकोनी क्यूआर चिन्ह एक ग्राहक बँकखात्यातून, तर दुसरा पाकिटातून चुकते करू शकतो.

हा भेद केवळ शब्दच्छल नव्हे. १ जानेवारी २०२० पासून बँकखात्यातून होणाऱ्या यूपीआय भरण्यावर व्यापाऱ्याकडून घ्यावयाची आकारणी शून्य करण्यात आली. उलट साठवणीच्या पाकिटातून यूपीआयच्या मार्गे केलेल्या २,००० रुपयांवरील भरण्यास १ एप्रिल २०२३ पासून कमाल १.१ टक्क्यापर्यंत आंतरसंस्था शुल्क लागू झाले. ते ग्राहकास द्यावे लागत नाही. व्यापाऱ्याच्या बाजूने ते वसूल होते. अर्थात ‘पाकिटाने पैसे स्वीकारल्यास खर्च किती?’ या प्रश्नास, पाकीट कोणत्या अर्थाने, हे कळल्याखेरीज उत्तर नाही.

नावाच्या या संदिग्धतेचे सर्वांत बोधप्रद उदाहरण २०२४ मध्ये घडले. रिझर्व्ह बँकेने ३१ जानेवारी २०२४ रोजी पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले, आणि मुदतवाढीनंतर १५ मार्च २०२४ पासून ग्राहकांच्या पाकिटांत नवी रक्कम भरून घेण्यास त्या बँकेला मनाई झाली. असलेली शिल्लक वापरण्याची मुभा मात्र राहिली. त्याच सुमारास ‘पेटीएम’ या अ‍ॅपला इतर बँकांच्या साहाय्याने यूपीआय सेवा चालविण्याची अनुमती मिळाली. म्हणजे एकाच नावाने ओळखले जाणारे साठवणीचे पाकीट आटत चालले असता त्याच नावाचा यूपीआय मार्ग खुला राहिला. ज्या दुकानाच्या पडद्यावर नुसते ‘पेटीएम’ असे लिहिलेले होते, त्या दुकानदारास आपली कोणती वाट बंद झाली आणि कोणती चालू आहे हे नावावरून कळणे शक्यच नव्हते. सबब जोडणी करताना नावापेक्षा प्रकाराची नोंद करावी, आणि केवळ एका पाकिटावर दुकान अवलंबून ठेवू नये, हा व्यावहारिक निष्कर्ष निघतो.

३. जोडणीची पूर्वतयारी

दुकानात पाकिटाची सोय करण्याचे मार्ग दोन. प्रत्येक पाकीट-संस्थेशी स्वतंत्र करार करणे हा पहिला, आणि ‘पेमेंट अ‍ॅग्रिगेटर’ म्हटल्या जाणाऱ्या एका मध्यस्थामार्फत सर्व मार्ग एकदम मिळविणे हा दुसरा. लहान दुकानास दुसराच मार्ग सोयीचा पडतो. मध्यस्थ ग्राहकांकडून येणारी रक्कम स्वीकारतो, ती अनुसूचित व्यापारी बँकेतील एस्क्रो खात्यात, म्हणजे विशिष्ट हेतूसाठी राखून ठेवलेल्या खात्यात, ठेवतो आणि शुल्क वजा करून दुकानदाराच्या खात्यात जमा करतो. अशा मध्यस्थांसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली व सप्टेंबर २०२५ मध्ये अधिक व्यापक निर्देश काढले. त्यामुळे मध्यस्थाची निवड करताना त्यास रिझर्व्ह बँकेची अनुज्ञा आहे किंवा नाही हे प्रथम पाहावे. दर व सोयी यांचा विचार त्यानंतरचा.

मध्यस्थ दुकानदाराची ओळख पडताळतो. त्यासाठी पॅन, बँकखात्याचा पुरावा आणि संस्था असल्यास तिच्या नोंदणीची कागदपत्रे लागतात. संकेतस्थळावर वस्तूंच्या किमती, पत्ता, माल पाठविण्याची मुदत आणि परताव्याचे नियम स्पष्ट लिहिलेले असावे लागतात. ग्राहक संरक्षणविषयक ई-कॉमर्स नियम, २०२० यांनुसार तक्रार-निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क देणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे हेही अपेक्षित आहे.

नोंदणी पूर्ण झाल्यावर मध्यस्थ दुकानदारास दोन प्रकारच्या किल्ल्या देतो. किल्ली म्हणजे येथे अक्षरांची व अंकांची एक लांब मालिका. एक किल्ली उघड असते व तिच्यावरून दुकान ओळखले जाते. दुसरी गुप्त असून ती दुकानाच्या सर्व्हरवरच राहावयास हवी. ग्राहकाच्या ब्राउझरपर्यंत जाणाऱ्या कोणत्याही पानात ती लिहिणे म्हणजे तिजोरीची किल्ली फळीवर टांगणे होय. या दोन्ही किल्ल्यांचा एक जोड चाचणीसाठी व दुसरा प्रत्यक्ष व्यवहारासाठी असतो. चाचणीच्या जोडाने खरे पैसे न हलविता सर्व प्रसंग करून पाहता येतात. केवळ सुरळीत भरणा होतो एवढे पाहून थांबू नये. शिल्लक अपुरी असणे, ग्राहकाने मध्येच खिडकी बंद करणे, तोच भरणा दोनदा होणे आणि पूर्ण अथवा अंशतः परतावा देणे हे प्रसंगही तपासावेत. त्यानंतर खऱ्या किल्ल्या बसवून एखादा लहान रकमेचा व्यवहार स्वतः करून पाहावा.

येथे एक भाषिक योगायोग नोंदण्यासारखा आहे. अनेक मध्यस्थांच्या व्यवस्थेत रक्कम रुपयांत न सांगता पैशांत सांगावी लागते. ४५० रुपये सांगावयाचे असल्यास ४५००० असा आकडा पाठवावा लागतो. मराठीत ‘पैसे’ हा शब्द सामान्यतः धनवाचक आणि विशेषार्थाने रुपयाच्या शंभराव्या अंशाचा वाचक आहे. ‘रक्कम पैशांत लिहा’ ही सूचना वाचून कोणी ४५० असाच आकडा लिहिला, तर ग्रंथ साडेचार रुपयांस विकला जाईल. असा व्यवहार यंत्राच्या दृष्टीने निर्दोषच ठरतो, त्यामुळे तो आपोआप उघडकीस येत नाही.

४. संदेशांचा क्रम

आता प्रत्यक्ष भरण्याच्या वेळी काय घडते ते पाहू. समजा, एका प्रकाशन विभागाच्या ऑनलाइन दुकानातून एका वाचकाने ४५० रुपये किमतीचा व्याकरणग्रंथ निवडला. प्रथम दुकानाचा सर्व्हर मध्यस्थास कळवितो की, अमुक क्रमांकाच्या मागणीसाठी अमुक रक्कम घ्यावयाची आहे. ही रक्कम सर्व्हरनेच सांगावयाची असते. ती ग्राहकाच्या ब्राउझरमधून उचलल्यास तेथे तिच्यात फेरफार करणे अवघड नसते. दुसऱ्या पायरीवर वाचक पाकीट निवडतो आणि आपला मोबाइल क्रमांक व एकदाच चालणारा संकेतांक देऊन स्वतःची ओळख पटवितो. तिसऱ्या पायरीवर पाकीट-संस्था त्याच्या शिल्लकेतून रक्कम वजा करते व तसे मध्यस्थास कळविते. चौथ्या पायरीवर वाचकाचा ब्राउझर दुकानाच्या पानावर परत येतो आणि येताना भरण्याचा क्रमांक बरोबर आणतो. पाचव्या पायरीवर मध्यस्थाचा सर्व्हर दुकानाच्या सर्व्हरला स्वतंत्रपणे, ग्राहकाच्या ब्राउझरला मध्ये न घेता, तीच वार्ता कळवितो. या थेट सूचनेस तंत्रज्ञ ‘वेबहुक’ म्हणतात.

चौथा आणि पाचवा हे दोन्ही संदेश ‘पैसे पोचले’ असेच सांगतात. आशय एक असला तरी त्यांची योग्यता सारखी नाही. चौथा संदेश ग्राहकाच्या हातून येतो. ऋणकोने स्वतःच आणून दिलेल्या पावतीसारखी त्याची स्थिती आहे. पावती खरी असू शकेल, पण ती ज्याच्या हितासाठी आहे त्याच्याच हातून ती आलेली आहे. शिवाय हा संदेश वाटेत हरवूही शकतो. भरणा झाल्यावर ब्राउझर परत येण्यापूर्वीच ग्राहकाच्या फोनचे जाळे तुटले, तर पैसे गेले असूनही दुकानास त्याची वार्ता लागत नाही. केवळ चौथ्या संदेशावर विसंबणाऱ्या दुकानात म्हणून दोन प्रकारचे अनर्थ संभवतात : पैसे न येता माल जातो, अथवा पैसे येऊनही माल जात नाही.

या संकटावर योजिलेला उपाय म्हणजे सही. ही सही हस्ताक्षराची नव्हे. मध्यस्थ संदेशाचा मजकूर व केवळ त्याला आणि दुकानदाराला ठाऊक असलेले गुप्त अक्षर यांवर एक ठराविक गणिती प्रक्रिया करतो आणि निघालेले उत्तर संदेशासोबत पाठवितो. दुकानाचा सर्व्हर तीच प्रक्रिया स्वतः करून पाहतो. दोन्ही उत्तरे जुळल्यास संदेश मध्यस्थाचाच असून त्यातील एकही अक्षर बदललेले नाही असे मानता येते. मजकुरातील एक अंक बदलला तरी उत्तर संपूर्ण बदलते; आणि गुप्त अक्षर ठाऊक नसलेल्यास योग्य उत्तर काढता येत नाही. यानंतरही दोन गोष्टी ताडून पाहणे अगत्याचे असते. संदेशातील रक्कम मूळ मागणीच्या रकमेइतकीच आहे काय, आणि तो संदेश त्याच मागणीसंबंधी आहे काय?

भाषाव्यवहाराच्या अभ्यासकांस येथे जे. एल. ऑस्टिन यांच्या विवेचनाची आठवण होईल. १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत त्यांनी असे दाखविले की, काही उच्चार वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, ते स्वतःच एक कृती असतात. आणि अशी कृती सिद्ध होण्यास उच्चारकर्त्याचा अधिकार, योग्य प्रसंग व मान्य रीत यांची आवश्यकता असते. पाकीट-संस्थेने ‘रक्कम वजा केली’ असे आपल्या नोंदीत लिहिणे हीच वजा करण्याची कृती होय. त्या नोंदीबाहेर वजा होणारी कोणतीही वस्तू नाही. याउलट ग्राहकाच्या पडद्यावर उमटलेले ‘भरणा झाला’ हे केवळ वर्णन आहे, आणि वर्णन खरे असेल अथवा खोटे असेल. ग्राहकाने फोनवर पाठविलेले पडद्याचे छायाचित्र तर वर्णनाचे वर्णन ठरते. अशा बनावट छायाचित्रांवर विश्वासून माल देणारे विक्रेते फसतात ते दोहोंतील हा भेद ध्यानी न आल्यामुळेच.

५. हुंडीच्या परंपरेतील समांतर योजना

दूरस्थ व अपरिचित व्यक्तीच्या लिखित वाक्यावर पैसे देण्याची समस्या आपल्याकडे नवी नाही. हुंडीच्या व्यवहारात ती शतकानुशतके होती, आणि तिच्या परिभाषेत त्यावरील उपायांची नावे आढळतात. हुंडीत रक्कम अंकांत व अक्षरांत लिहून शिवाय तिची निमपट सांगत व त्याची दुप्पट ती पूर्ण रक्कम असे नमूद करीत. एकाच रकमेचे असे तिहेरी कथन म्हणजे फेरफार उघडा पाडण्याची युक्ती होती. आजच्या गणिती सहीचा एक हेतू तोच आहे. ‘शाहजोग’ हुंडीचे पैसे कोणाही धारकास न देता बाजारात पत असलेल्या शाहासच द्यावयाचे असत. संदेश खरा असला तरी तो कोणाच्या हातून आला हे पाहणे आवश्यक आहे, हे तत्त्व त्यात गृहीत होते.

हरवलेल्या व दोनदा आलेल्या संदेशांबाबत हुंडीची व्यवस्था विशेष उद्बोधक आहे. मूळ हुंडी गहाळ झाल्यास ‘पैठ’ लिहून देत, तीही गेल्यास ‘परपैठ’. आणि पैसे देऊन निकालात निघालेल्या हुंडीस ‘खोखा’ म्हणत. पैठ म्हणजे दुसरी हुंडी नव्हे, त्याच देण्याची दुसरी प्रत. मूळ व पैठ अशा दोन्ही पुढे आल्या तरी पैसे एकदाच द्यावयाचे असत. वेबहुकच्या बाबतीत नेमका हाच विवेक लागतो. दुकानाच्या सर्व्हरने पोच दिली नाही तर मध्यस्थ तीच सूचना पुनःपुन्हा पाठवितो. क्वचित पोच मिळूनही ती दोनदा येते. प्रत्येक सूचना नवी समजणारे दुकान एकाच भरण्यावर दोन पुस्तके पाठवील. म्हणून प्रत्येक भरण्याच्या क्रमांकाची नोंद ठेवून, तो क्रमांक पूर्वी निकालात निघाला असल्यास दुसऱ्या सूचनेस केवळ पोच द्यावी, कृती करू नये. जुन्या पेढीच्या भाषेत सांगावयाचे तर खोखा ओळखता आला पाहिजे.

येथे कायद्यातील एक तपशीलही लक्षणीय आहे. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या पहिल्याच कलमात, प्राच्य भाषेत लिहिलेल्या दस्तऐवजासंबंधीच्या स्थानिक रूढीस बाध येणार नाही असे म्हटले आहे. दस्तऐवज कोणत्या भाषेत लिहिला यावर त्यास लागू होणारा नियम अवलंबून असावा, हे उदाहरण अर्थव्यवहारातील भाषेचे स्थान स्पष्ट करते. आजच्या पाकीट-व्यवहाराचे संदेश मात्र ठरावीक यंत्रभाषेत असतात. देशी भाषा उरते ती केवळ शेवटच्या टप्प्यावर, ग्राहकाच्या पडद्यावर. आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

अडलेल्या भरण्याचे काय होते, हे त्या पडद्याकडे वळण्यापूर्वी पाहिले पाहिजे. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने याविषयीच्या मुदती ठरवून दिल्या. पाकिटाच्या स्वतःच्या व्यवस्थेत रक्कम वजा होऊन दुकानाकडे पुष्टी आली नाही, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ती आपोआप परत यावयास हवी. हेच यूपीआयच्या मार्गाने घडल्यास मुदत पाच दिवसांची आहे. त्यापुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. ‘माझ्या पाकिटातून गेलेले पैसे केव्हा परत येतील?’ असे ग्राहकाने विचारल्यास, येथेही पाकीट कोणत्या अर्थाने, हे प्रथम ठरवावे लागते. दुकानाने दिलेला परतावा, ग्राहकाने अन्य मार्गास संमती दिली नसल्यास, ज्या मार्गाने रक्कम आली त्याच मार्गाने परत गेला पाहिजे.

पुष्टी मिळाली तरी रक्कम त्या क्षणी दुकानदाराच्या बँकखात्यात आलेली नसते. ती मध्यस्थाच्या एस्क्रो खात्यात असते व करारात ठरलेल्या मुदतीनंतर, शुल्क वजा होऊन, अनेक भरण्यांच्या एकत्रित रकमेच्या रूपाने येते. दुकानाच्या मागण्या, मध्यस्थाचा तक्ता आणि बँकेचा उतारा या तिहींचा मेळ रोजच्या रोज घातला नाही, तर कोणता भरणा राहिला हे महिन्याअखेर शोधणे दुर्घट होते. रोजमेळाची जुनी शिस्त येथे पूर्वीइतकीच उपयोगाची आहे.

६. पडद्यावरील मराठी

अनेक दुकानांच्या मराठी पडद्यावर ‘व्यवहार यशस्वी’, ‘व्यवहार अयशस्वी’ आणि ‘व्यवहार प्रलंबित’ अशी तीनच वाक्ये आढळतात. ही वाक्ये कर्तृहीन आहेत. यश कोणाचे? ग्राहकाच्या पाकिटातून रक्कम निघाली हे यश, मध्यस्थाने ती स्वीकारली हे यश, की दुकानदाराच्या खात्यात ती जमा झाली हे? तिन्ही अवस्था भिन्न आहेत आणि त्यांत काही दिवसांचे अंतर असू शकते. ‘पैसे कापले गेले’ या कर्मणी प्रयोगातही तोच दोष आहे. कोणी कापले आणि आता ते कोणाकडे आहेत, हे त्यात सांगितलेले नसते. अडचणीत सापडलेल्या ग्राहकास नेमके तेवढेच जाणून घ्यावयाचे असते.

‘प्रलंबित’ हा शब्द त्याहून घातक आहे. तो कचेरीतील अर्जास शोभतो. पुस्तकाची मागणी नोंदविणाऱ्याने तो वाचून थांबावे, की पुन्हा पैसे भरावे? पुष्कळदा ग्राहक पुन्हा भरतो आणि एकाच ग्रंथाची किंमत दोनदा देऊन बसतो. या ठिकाणी ‘आपल्या पाकिटातून रक्कम निघाली आहे, आम्हांस अद्याप तिची पोच मिळालेली नाही. कृपया पुन्हा पैसे भरू नका. पोच न आल्यास रक्कम आपल्या पाकिटात परत येईल’ असे चार वाक्यांचे निवेदन केले, तर जागा अधिक लागेल, पण संशयास जागा उरणार नाही. त्याखाली मागणीचा क्रमांक, मुदतीची तारीख आणि तक्रार-निवारण अधिकाऱ्याचा संपर्क द्यावा.

पारिभाषिक शब्दांची उणीव आहे म्हणून हे घडते, असे म्हणता येणार नाही. हुंडी ‘सकारणे’ म्हणजे तिचे दायित्व मान्य करणे, आणि ती ‘वटणे’ म्हणजे तिचे पैसे प्रत्यक्ष हाती येणे, असा भेद मराठीत रूढ होता. ‘चेक वटला नाही’ या प्रयोगात तो आजही जिवंत आहे. मध्यस्थाने पुष्टी दिली ती अवस्था ‘सकारला’ आणि बँकखात्यात रक्कम आली ती ‘वटला’ अशी दुकानाच्या अंतर्गत नोंदींत लिहिल्यास हिशेबनिसास दोन अवस्था वेगळ्या ठेवणे सुलभ होईल. ग्राहकासाठी मात्र ‘सकारणे’ आता अपरिचित झाले आहे. त्याच्यापुढे ‘निघाली’, ‘पोचली’, ‘परत केली’ ही साधी क्रियापदे वापरावीत आणि प्रत्येकाबरोबर ‘कोठून’ व ‘कोणाकडे’ हे सांगावे.

शब्दयोजनेतील हयगयीचा फायदा ठकही घेतात. ‘पैसे मिळविण्यासाठी पिन टाका’ असे सांगून पैशाची मागणी करणारी सूचना ग्राहकास पाठवावयाची, आणि त्याने पिन टाकताच त्याच्याच खात्यातून रक्कम काढून घ्यावयाची, ही फसवणूक ‘देणे’ व ‘घेणे’ या दोन क्रियापदांच्या अदलाबदलीवर उभी होती. यूपीआयचा पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. घेण्यासाठी तो लागत नाही. व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठविण्याची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. तथापि परताव्याच्या निमित्ताने दूरध्वनी करून हाच डाव निराळ्या रीतीने टाकता येतो. म्हणून परताव्याच्या निवेदनात ‘ही रक्कम मिळण्यासाठी आपणांस काहीही करावयाचे नाही’ हे वाक्य असणे इष्ट होय.

७. उपसंहार

वरील विवेचनाचा सारांश असा. ‘पाकीट’ या एका नावाखाली तीन व्यवस्था असून, शुल्क, परतावा व मुदती या बाबतींत त्यांचे नियम भिन्न आहेत. म्हणून जोडणीपूर्वी त्यांचा प्रकार निश्चित करावा. ‘पैसे पोचले’ हे वाक्य ग्राहकाच्या हातून आले असता त्यास सूचना मानावे, पुरावा मानू नये; सही जुळलेल्या, रक्कम ताडलेल्या आणि पूर्वी निकालात न निघालेल्या थेट संदेशासच पुराव्याची योग्यता आहे. आणि या संदेशाचे ग्राहकासाठी मराठीत रूपांतर करताना कर्ता, ठिकाण व पुढील कर्तव्य हे तीन घटक गाळू नयेत.

तिसऱ्या मुद्द्याच्या अभ्यासास पदव्युत्तर विद्यार्थ्यांना वाव आहे. मराठी संकेतस्थळांवरील भरण्याच्या निवेदनांचे नमुने जमवावेत, त्यांतील क्रियापदे व प्रयोग यांची वर्गवारी करावी आणि ती वाक्ये निरनिराळ्या वयाच्या व व्यवसायांच्या वाचकांपुढे ठेवून ‘आता पैसे कोणाकडे आहेत?’ एवढा एकच प्रश्न विचारावा. मिळणाऱ्या उत्तरांतून कोणते वाक्य समजते आणि कोणते समजत नाही, याचा निर्णय अनुमानाऐवजी प्रत्यक्ष पुराव्यावर करता येईल.